आंब्याचं पारणं

चौतीस वर्षांनी मगदुमांच्या घरात आंबा आला, आणि तो आणला खुद्द आप्पासोंनी.

शुक्रवारी संध्याकाळी ते मंडईतून आले तेव्हा हातात कापडी पिशवी होती. ती त्यांनी सुनेकडं दिली आणि चप्पल काढून टीव्हीपुढं जाऊन बसले. चंदनानं पिशवीत डोकावून पाहिलं आणि पिशवी ओट्यावर न ठेवता तशीच हातात धरून उभी राहिली.

"रुची, हिकडं ये आधी. आप्पांनी काय आणलंय बघ."

रुचिता आली, तिनं पाहिलं. डझनभर हापूस होते, पिकून पिवळे झालेले. वासानं सगळं स्वयंपाकघर भरून गेलं होतं. बावीस वर्षांच्या आयुष्यात तिनं आंबा खाल्ला तो मैत्रिणींकडं, कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये, नाहीतर रंकाळ्यावर आइस्क्रीमच्या कपात. या घरात नाही.

कारण आज्जीचा नेम. त्रिशलाबाईंनी आंबा सोडला होता तो एक्क्याण्णव सालच्या उन्हाळ्यात. त्याच सुमारास त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, अनेकांतला, कावीळ झाली होती. चौदा वर्षांचा पोरगा हळदीसारखा पिवळा पडला होता, वाचतो की नाही अशी गत होती. पोरगा वाचला आणि आईनं आंबा कायमचा सोडला, अशी ही गोष्ट. मंगळवार पेठेत ती सगळ्यांना ठाऊक होती, कारण आप्पासोंनी ती सगळ्यांना सांगितली होती. नेम बायकोचा, पण त्याची राखण नवऱ्याची. लग्नाच्या पंगतीत आमरस आला की आप्पा स्वतः उठून तिच्या ताटातली वाटी काढून घ्यायचे. शेजारी आंबे चिरायला लागले की आपली खिडकी लावून घ्यायचे. एकदा चंदनानं नकळत आंब्याचं लोणचं मांडलं, तर दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

आणि तेच आप्पा आज आंबे घेऊन आले होते.

"रविवारी पावणं यायचेत, त्यांच्यासाठी आणले असतील," अनेकांत म्हणाला. घरात कुणाला काही उमगलं नाही की अनेकांत असं एक कारण काढून द्यायचा आणि सगळे ते घेऊन मोकळे व्हायचे. पाहुणे येणार होते हे खरंच होतं. बस्तीचे, म्हणजे जैन मंदिराचे, विश्वस्त बाळासो, आप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त. येत्या बुधवारी अक्षय तृतीयेला बस्तीत त्रिशलाबाईंचा सत्कार ठरला होता, चौतीस वर्षांच्या त्यागाबद्दल. मानपत्राचा मजकूर वाचून दाखवायला बाळासो रविवारी सकाळी नाश्त्याला यायचे होते.

आज्जी या सत्काराला कधी हो म्हणाली नव्हती. अनेकांतनं चारदा विचारलं, चारही वेळा ती "बघू" म्हणाली. अनेकांतनं त्या चार बघूंचा मिळून एक होकार केला.

"आता ह्या आंब्यांचं काय करायचं?" चंदनानं विचारलं.

उत्तर आज्जीनंच दिलं. ती दारात कधी येऊन उभी राहिली ते कुणाला कळलं नव्हतं. तिनं पिशवीकडं पाहिलं, मग बाहेरच्या खोलीत बसलेल्या आप्पांच्या पाठीकडं पाहिलं. "रुची, तुझी ती बिस्किटं कर की. फळं घालून करतीस ती. पावण्यांना होतील."

"आज्जी, आंब्याची? ह्या घरात?"

"बाळासोला आंबा आवडतोय," आज्जी म्हणाली आणि माळ घ्यायला आत गेली.

रुचिताची बिस्किटं म्हणजे काही मोठी विद्या नव्हती. मैद्यात थोडं गव्हाचं पीठ, पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि बेकिंग पावडर. त्यात फ्रीजमधलं घट्ट लोणी बोटांनी चुरायचं, रव्यासारखं होईतोवर. मग दह्यानं जेमतेम गोळा करायचा. मळायचं नाही, मळलं की बिस्किट दगड होतं. तळहातानं थापून फुलपात्राच्या काठानं गोल पाडायचे, मधोमध अंगठ्यानं खळगा करायचा आणि ओव्हनमध्ये वीस मिनिटं ठेवायचं. खळग्यात साखरेत आटवलेलं फळ भरलं की झालं. अंडं नाही, काही नाही. तरी ओव्हन घरात आला तेव्हा आप्पा म्हणाले होते, "बेकरी काढतीस काय घरात?" आणि पहिला घाणा निघाल्यावर चार बिस्किटं खाऊन "बरं हाय" म्हणाले होते.

पण रविवारी पहाटे तिचा हात चालेना. आंबा आणि आज्जी एका घरात, आणि मध्ये जबाबदार माणूस ती एकटी. तिनं आंब्याला वेगळी सुरी घेतली, वेगळी कढई, वेगळा चमचा. आज्जीसाठी पन्हाळ्याकडच्या बाईकडून करवंदं घेतली होती; बसून एकेकाच्या बिया काढल्या आणि गुळात शिजवली. बोटं जांभळी झाली. आंब्याची बिस्किटं स्टीलच्या मोठ्या ताटात मांडली, करवंदाची सहा तेवढी काचेच्या बशीत. पिवळी तिकडं, काळी इकडं. आंधळ्यालाही चुकायचं नाही.

"पुन्हा एकदा सांगतो," अनेकांत मुंडी आत घालून म्हणाला, "आज्जीच्या आसपास त्ये ताट नको. बाळासोकाकांच्या म्होरं काय झालं तर पेठेत तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाय."

"पप्पा, तिसऱ्यांदा सांगालाय."

"चौथ्यांदा बी सांगीन."

आठच्या सुमारास हुपरीहून तानाबाई आली, आप्पांची धाकटी बहीण. चांदीच्या पैंजणांच्या कारखानदाराची बायको, आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी बोलली तरी घरात चहा चढवावा. दारातूनच सुरू झाली, "वैनी, तुमच्या सत्काराला म्हणून नवं लुगडं काढलंय! दादा, कसा हाइस?"

आप्पांनी तिच्याकडं पाहिलं, हसले आणि म्हणाले, "या. बसा, बसा. पाणी आणा गं पावण्यांना."

"पावणी व्हय मी? थट्टा कराय लागलाय बघा," तानाबाई हसली. रुचिताही हसली. पाण्याचा तांब्या घेऊन येताना तिनं पाहिलं, आज्जी तेवढी हसली नव्हती.

बाळासो आले, "जय जिनेंद्र" झालं, सगळे बैठकीत बसले. खुर्च्या पुरुषांना, सतरंजी बायकांना, हे या घरात कुणी ठरवलेलं नव्हतं आणि कुणी मोडतही नव्हतं. आज्जी आप्पांच्या खुर्चीशेजारी खाली बसली होती. रुचितानं ताट मधल्या टेबलावर ठेवलं आणि करवंदाची बशी आज्जीच्या मांडीजवळ.

बाळासोंनी एक बिस्किट तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. "पोरी, काय केलंयस गं ह्ये! तोंडात ठेवलं की इरघळालंय."

"सोपं असतंय काका. पाऊण तासाचं काम."

"आमच्या सुनेला सांग की जरा." मग त्यांनी घसा साफ केला, चष्मा लावला आणि खिशातून कागद काढला. "हां, ऐका आता. 'धर्मानुरागी सौ. त्रिशलादेवी आप्पासो मगदूम यांनी आपल्या पुत्राच्या प्राणरक्षणार्थ आम्रफळाचा आजन्म त्याग करून...'"

अनेकांतनं मान खाली घातली. या जागी त्याचे डोळे भरायचेच, पन्नाशीला आला तरी. आपण जगलो त्याची किंमत आई रोज भरतेय, हे ओझं घेऊन तो मोठा झाला होता. तानाबाईनं पदर डोळ्याला लावला. रुचिता चहा आणायला उठली.

ती ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथंच थिजली.

आप्पांनी टेबलावरून आंब्याचं एक बिस्किट उचललं होतं. ते खाली वाकले आणि आज्जीच्या हातावर ठेवलं. "घे की गं. खाऊन बघ. लई गोड हाय."

रुचिताला ओरडायचं होतं. बाळासो कागदात बघून वाचत होते, अनेकांतची मान खाली होती, तानाबाईच्या डोळ्यांवर पदर होता. पाहत होती ती एकटी रुचिता. पिवळाजर्द आंबा आज्जीच्या सुरकुतलेल्या तळहातावर चकाकत होता आणि आज्जी आप्पांच्या तोंडाकडं बघत होती.

मग आज्जी उठली. गुडघे धरलेली बाई, एरवी उठताना दोघांचा हात लागायचा. ती एका हातानं खुर्ची धरून स्वतःची स्वतः उठली, सरळ उभी राहिली, दुसरा तळहात पहिल्याखाली धरून ओंजळ केली आणि उभ्यानं, ओंजळीतून, ते बिस्किट खाल्लं. सावकाश, कणसुद्धा खाली न सांडता.

रुचिताच्या हातातला ट्रे कलंडला. दोन कप फुटले.

त्या आवाजानं सगळ्यांनी वर पाहिलं. आज्जीच्या ओठाच्या कडेला आंबा लागला होता.

"वैनी!" बाळासो ताडकन उठले. कागद सतरंजीवर पडला. "वैनी, आंबा हाय त्यो! थुका! आधी थुका!"

"आई!" अनेकांतचा चेहरा पांढराफटक पडला. तो आईकडं गेला नाही, रुचिताकडं वळला. "तुला किती डाव सांगितलं हुतं? चार डाव सांगितलं! ताट लांब ठेव म्हणून!"

"पप्पा, मी न्हाय—"

"पोरीला काय बोलतोयस," तानाबाई कडाडली, "तिच्या आईला इचार! घरात आंबाच कशाला घेतला? चौतीस वरसांचा नेम घालवला म्हातारीचा!"

"आंबा मी न्हाय आणला," चंदना म्हणाली. एरवी आतेसासूपुढं, सासूपुढं, कुणापुढंच तिचा आवाज चढत नसे. आज चढला. "आंबा ज्यांनी आणला त्यांना इचारा की. दर डावाला माझ्यावरच का म्हणून?"

"मी बघितलंय," रुचिता म्हणाली. "आप्पांनी दिलं. आप्पांनी स्वतः आज्जीच्या हातावर ठेवलं."

आता सगळे आप्पांकडं बघायला लागले. आप्पा गोंधळून एकेकाच्या तोंडाकडं बघत होते.

"मग काय झालं?" ते म्हणाले. "ही आंबा खात न्हाय व्हय?"

रुचिताला वाटलं आप्पा थट्टा करतायत, मग वाटलं, आप्पांनी उभ्या जन्मात या गोष्टीची थट्टा केलेली नाही. तिनं आईकडं पाहिलं. चंदनाचा राग कुठल्या कुठं गेला होता.

"पोरीला बोलू नका, सुनेला बी नको," आज्जी म्हणाली. तिनं पदरानं ओठ पुसले. "कुणाचं काय चुकलं न्हाय. विधी मिळाला माझा. आज पारणं झालं."

बाळासो मट्‌कन खाली बसले.

विधी म्हणजे काय, हे त्या खोलीत कुणाला सांगायची गरज नव्हती. गेल्या पावसाळ्यात मुनीमहाराज पेठेत होते. आहाराला निघायच्या आधी महाराज मनाशी एक खूण धरतात. अमुक वस्तू हातात घेतलेला माणूस दारात दिसला तरच त्या घरी जेवायचं, नाहीतर उपाशी माघारी. खूण जुळली म्हणजे विधी मिळाला, मग उभ्यानं, ओंजळीतून आहार घ्यायचा. ती खूण ते कुणालाच सांगत नाहीत. म्हणून सगळी पेठ दारात उभी राहायची, कुणी नारळ घेऊन, कुणी कलश, कुणी डाळिंब. मगदूम सलग नऊ दिवस उभे होते आणि महाराज नऊही दिवस पुढं गेले. तेव्हा रुचिता वैतागून म्हणाली होती, "सांगून टाकायला काय होतंय?" आणि आज्जी म्हणाली होती, "सांगितलं की ते मागणं झालं."

"कसला विधी, आई?" अनेकांतनं विचारलं. "नेम माझ्यासाठी हुता की. माझ्या काविळीसाठी."

"तू म्हणालास. हे म्हणाले. सगळी पेठ म्हणाली," आज्जी म्हणाली. "मी कवा म्हणालो?"

अनेकांतनं सतरंजीवर पडलेल्या कागदाकडं पाहिलं.

"माझ्या लग्नात आण्णांनी आंब्याचं रोप दिलतं, कोडोलीचं. माझा बाप बैलगाडीतनं मांडीवर धरून घेऊन आलता. आपल्या मळ्यात हिरीजवळ लावलं. सतरा वरसं वाढवलं. ताने, तुला ठावं हाय."

तानाबाईनं मान हलवली. मघाचा सगळा आवेश उतरला होता.

"आण्णा गेले म्हणून मी कोडोलीला गेलतो, बारा दिवस. परत आलो तर हिरीवर नुस्तं खोड. फळांनी लगडलेलं झाड. गोठा बांधायचा म्हणून पाडलं. पाडाचे आंबे तसंच मातीत पडलेलं. मला इचारलं न्हाय. पाडल्यावर सांगितलं बी न्हाय. चुकलं म्हणून एक शबूद न्हाय." ती आप्पांकडं न बघता बोलत होती. "त्या दिशी बस्तीत जाऊन मनात धरलं. ज्यानं झाड पाडलं त्यानं आपण होऊन, आपल्या हातानं माझ्या हातावर आंबा ठिवावा आन् खा म्हणावं. तवर आंबा न्हाय. आठ दिसात हुईल वाटलं हुतं. त्याच महिन्यात तुला कावीळ झाली आन् ह्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, पोरासाठी सोडला. मग कशाला कोण हातावर ठिवतंय? उलट असंल त्ये काढून घ्यायला लागले."

रुचिताला ते सगळं एकदम दिसलं. पंगतीत वाटी उचलणारे आप्पा, खिडकी लावणारे आप्पा. ते जितक्या इमानानं नेम राखत होते, तितका त्याचा शेवट लांब जात होता. आणि आज्जी समोर बसून ते बघत होती, चौतीस उन्हाळे. रुचिताला संताप आला, आणि कुणाचा ते कळेना.

"म्हणजे माझ्यासाठी न्हवतंच," अनेकांत म्हणाला. आवाज चौदा वर्षांच्या पोराचा झाला होता.

आज्जीनं त्याच्या गालाला हात लावला. "तुझ्यासाठी नऊ दिस अन्न सोडलतं, बाळा. पाण्यावर हुतो. त्ये कुणी मानपत्रात घातलं न्हाय."

अनेकांत आईच्या पायाशी सतरंजीवर बसला, रडला नाही, नुसता बसला.

बाळासोंनी कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. मग आयुष्यभराच्या दोस्ताकडं वळून बोलले, "आप्पा, आता तरी बोल गड्या. झाड तू पाडलंस. माझ्या म्होरं पाडलंस. मी बी गप बसलो. बोल काय तरी."

खोली सगळी आप्पांच्या तोंडाकडं बघत होती. चौतीस वर्षं राहिलेला एक शब्द, आणि तो आता येईल असं रुचितालाही वाटलं.

आप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते खुर्चीतून निम्मे उठले.

"हिरीवरचा आंबा?" ते म्हणाले. "हिरीवरचा आंबा पाडला? कुणी?"

"आप्पा—" चंदना पुढं झाली.

"कुणी पाडला म्हणतोय मी!" आप्पांचा आवाज चढला, हात थरथरायला लागला. "मला न इचारता? तिच्या बापानं दिल्यालं झाड हाय त्ये! मांडीवर धरून आणलतं म्हाताऱ्यानं! कुणाची छाती झाली त्याला कुऱ्हाड लावायची? नाव सांगा मला त्याचं!"

ते खरंच चिडले होते. खोटं नव्हतं, सोंग नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं होतं रागानं. तानाबाईनं तोंडावर हात दाबून धरला. आपल्याला मघाशी पाहुणी का म्हटलं, ते तिला आता कळलं होतं. आंबे का आले, ते रुचिताला कळलं. आप्पांनी पाहुण्यांसाठी काही आणलं नव्हतं. मंडईत आंबे दिसले, चांगले वाटले, बायकोला घेऊन आले, इतकंच. मधली चौतीस वर्षं कुठंतरी सांडून गेली होती.

"नाव सांगा!" आप्पा म्हणाले.

आणि नाव सांगायला एकच माणूस होता. सगळे आज्जीकडं बघत होते. रुचिताच्या मनात आलं, सांग आज्जी, सांगून टाक, तुझा हक्क आहे. आज्जीचे ओठ हललेही. तिनं आप्पांच्या थरथरत्या हाताकडं पाहिलं.

"कुणी न्हाय पाडला," आज्जी म्हणाली. "वादळात पडला."

"वादळात?"

"व्हय. वळवाचं वादळ झालं, मुळासकट गेला. कुणाच्या हातात हुतं व्हय त्ये?"

आप्पा हळूहळू खाली बसले. राग गेला आणि चेहरा पडला.

"तू न्हवतीस व्हय तवा हितं?"

"न्हाय. कोडोलीला गेलतो. आण्णा गेले तवा."

"मग मी बघाय पायजे हुतं." आप्पांनी मान हलवली. "तू घरात न्हाइस म्हटल्यावर मी ध्यान द्याय पायजे हुतं. टेकू लावला असता तर ऱ्हायलं असतं. चुकलं माझं. लई चुकलं गं."

बाळासोंनी तोंड भिंतीकडं फिरवलं. चंदना फुटक्या कपांचे तुकडे वेचायला खाली वाकली आणि वाकलेलीच राहिली.

आप्पांनी टेबलाकडं हात नेला. ताटातली तीन-चार बिस्किटं त्यांनी न्याहाळली, ज्यावर आंबा जास्त होता ते निवडून उचललं आणि बायकोपुढं धरलं.

"खा," ते म्हणाले. "तुला आवडतोय न्हवं आंबा."

"लई," आज्जी म्हणाली आणि तिनं पुन्हा ओंजळ पुढं केली.